वाघ येण्याआधी दर ठरवा

नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातली एक वाघीण चांदोलीत आणली गेली. ताडोबा आणि पेंचमधून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात टप्प्याटप्प्याने आठ वाघ आणायचे, अशी ही योजना आहे. चांदोली राधानगरी अभयारण्यापासून बरीच उत्तरेला. पण चांदोलीतून दक्षिणेकडे निघालेल्या वाघाला तिलारी, गोव्यातली म्हादई आणि कर्नाटकातली काळी ही जंगले गाठायची असतील, तर राधानगरीच्या जंगलावरूनच जावे लागते. या जंगलातल्या कॅमेऱ्यांनी याआधीही वाघ टिपला आहे. त्यामुळे 'आता आपल्याकडंही वाघ दिसणार' ही आशा फेजिवडे, हसणे, ओलवण, दाजीपूर या पट्ट्यात जागी होणे साहजिक आहे. वाघ म्हटला की पर्यटक येणार, पर्यटक आले की गाड्या, खोल्या, खानावळी आणि गाईड लागणार. गवा बघायला येणाऱ्यांच्या जोरावर हा व्यवसाय इथे उभा राहिलाच आहे. वाघ त्याला कुठल्या कुठे नेईल, असे वाटणाऱ्यांना दोष देता येणार नाही.

या साऱ्या उत्साहात एका गोष्टीवर मात्र फारसे कोणी बोलत नाही. उद्या अभयारण्यात एखादा नवा सफारी मार्ग खुला झाला, तर त्याचा दर काय असेल? आणि तो कोणाच्या खिशाकडे बघून ठरवला जाईल?

आधी जाहिरात, मग गर्दी आणि गर्दी बघून दर, हा क्रम जगभर रुळला आहे. तो राधानगरीत येऊ नये आणि दर ठरवताना पहिले माप तालुक्यातल्या साध्या कुटुंबाचे असावे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. ते आत्ताच मांडण्याला कारण आहे. दर एकदा लागू झाला की तो खाली येत नाही. त्यावर कोणाची तरी मिळकत उभी राहिलेली असते आणि ती माणसेही आपलीच असतात.

जगातल्या सगळ्यात अनुभवी करमणूक कंपनीलाही या क्रमाचा फटका बसला आहे. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ३१ मे २०१९ रोजी 'स्टार वॉर्स'वर बेतलेला १४ एकरांचा नवा विभाग सुरू झाला. चाहते काही वर्षे त्याची वाट बघत होते. त्या उत्सुकतेच्या भरवशावर कंपनीने जानेवारीतच तिकिटे वाढवली. सर्वांत स्वस्त दिवसाचे तिकीट ९७ डॉलरवरून १०४ वर गेले, सर्वांत महाग दिवसाचे १३५ वरून १४९ वर. झुंबड उडेल या धास्तीने सुरुवातीचे काही आठवडे आगाऊ नोंदणी सक्तीची केली आणि वार्षिक पासधारकांना बऱ्याच तारखांना प्रवेश नाकारला. आजूबाजूच्या हॉटेलांनीही हात धुऊन घेतले. त्या तिमाहीत कंपनीच्या अमेरिकेतल्या उद्यानांची गर्दी तीन टक्क्यांनी घटली. लोक गर्दीला घाबरले, परिसरातल्या हॉटेलांचे दर चढले, अशी कारणे कंपनीच्या प्रमुखांनीच पुढे दिली. नवा विभाग वाईट नव्हता. पण जवळ राहणारा, वर्षातून चारदा येणारा माणूस 'आत्ता नको, नंतर बघू' म्हणून घरी बसला.

त्याच डिस्नेलँडची १९५५ सालची सुरुवात अगदी वेगळी होती. मोठ्या माणसाला प्रवेश एक डॉलरला, आणि आतल्या प्रत्येक पाळण्याचे तिकीट काही सेंटांचे, ज्याला जे परवडेल त्याने ते घ्यावे. काही महिन्यांत तिकिटांची पुस्तिका आली, १९८२ मध्ये ती जाऊन एकरकमी तिकीट आले आणि २०१६ पासून दिवस बघून दर बदलू लागला. प्रत्येक पायरीवर कंपनीकडे सबळ कारण होते. पण शेवटच्या पायरीवरून मागे वळून पाहिले, तर चार मुलांना घेऊन येणारा कामगार बाप त्या रांगेत दिसेनासा झाला आहे.

आपल्याकडचा अनुभवही याहून फार निराळा नाही. खोपोलीजवळ २०१३ साली 'इमॅजिका' सुरू झाले, तेव्हा महाराष्ट्राला परदेशी तोडीचे उद्यान मिळाले म्हणून कोण कौतुक झाले! उद्यान खरोखर चांगले होते, आजही आहे. पण अपेक्षेइतकी माणसे आली नाहीत, कर्ज फिटेना आणि अखेर २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. करानेही हातभार लावलाच होता. जुलै २०१७ मध्ये अशा उद्यानांवर २८ टक्के जीएसटी लागला, तो जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आला. कंपनीचे नुकसान झाले तर ते भागधारक आणि बँका सोसतात, उद्यान दुसऱ्याच्या हाती जाते, कारभार पुढे चालतो. सरकारी जंगलाचे तसे नाही. तिथला दर चुकला तर मालक बदलत नाही. माणसे येणे तेवढे बंद होते, आणि त्यातली पहिली माणसे जवळच्या गावांतली असतात.

अभयारण्य काही करमणुकीचे उद्यान नव्हे, हा आक्षेप कोणी घेईल आणि तो बरोबरही आहे. मात्र पर्यटकाच्या बाजूने पाहिले तर दोन्हीकडचा व्यवहार आता एकाच साच्यात चालतो. ऑनलाइन आरक्षण, सकाळ-दुपारच्या पाळ्या, शनिवार-रविवारचा चढा दर, कॅमेऱ्याचे वेगळे पैसे. ताडोबात सहा जणांच्या जिप्सीची एक फेरी कित्येक हजार रुपयांना पडते आणि सुट्टीच्या दिवशी आणखी महागते. मुंबई-पुण्याहून विमानाने नागपूर गाठणाऱ्याला ती रक्कम जाणवत नाही. चंद्रपूरच्या कापूस उत्पादकाला किंवा कोळसा खाणीतल्या कामगाराला मात्र आपल्याच जिल्ह्यातले जंगल परक्या गावासारखे होते. शिवाय, उत्सुकता आणि पैसा एकत्र आले की मधले हातही येतात. ताडोबाच्या ऑनलाइन आरक्षणाच्या रकमेत बारा कोटींहून अधिक रुपयांचा अपहार झाल्याचा गुन्हा २०२३ मध्ये नोंदला गेला, तेव्हा काही काळ आरक्षणाची घडीच विस्कटली होती.

ताडोबाच्या पदरात चांगलेही बरेच आहे आणि ते घेण्यासारखे आहे. तिथल्या प्रवेशशुल्काचा पैसा व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानकडे राहतो, थेट सरकारी तिजोरीत वाहून जात नाही. बफर क्षेत्रातल्या गावांतली मुले-मुली गाईड झाली, जिप्सीचे मालक झाली. बफरमधल्या शाळकरी मुलांना जंगल दाखवणारा 'चला माझ्या ताडोबाला' हा उपक्रम तर प्रत्येक अभयारण्याने डोळे झाकून उचलावा असा आहे. ज्याच्या घरामागे वाघ फिरतो, त्या मुलाला तो फक्त भीती म्हणून ठाऊक असणे हे कोणत्याही संवर्धनाचे अपयशच म्हटले पाहिजे.

राधानगरीत वाघाच्या जागी गवा घाला.

दाजीपूरचे जंगल म्हणजे गवा, ही ओळख १९५८ पासूनची. त्या वर्षी दाजीपूर गवा अभयारण्य जाहीर झाले. राज्यातले हे पहिले अभयारण्य. १९८५ मध्ये त्याची हद्द वाढून ते राधानगरी अभयारण्य झाले, २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. महाराष्ट्रातल्या ज्या चार ठिकाणांना तो मान मिळाला, त्यांत कास, कोयना आणि चांदोलीच्या जोडीला राधानगरी आहे. या साऱ्या कागदोपत्री गौरवाची किंमत कोणी मोजली, हे पाहायचे असेल तर पर्यटकांच्या हंगामाऐवजी भात पोसवण्याच्या दिवसांत इकडे यावे. कळप रात्री उतरतो. ऊस मोडतो, भात तुडवतो, नाचणी आणि भुईमूग संपवतो. मग पंचनामा, मग अर्ज, मग भरपाईची वाट. राखणीला रात्र रात्र जागणे हा इथल्या शेतीच्या खर्चाचा भागच आहे आणि तो कोणत्याही हमीभावात धरला जात नाही. डिसेंबर २०२१ मध्ये तर गवे थेट कोल्हापूरच्या वेशीवर पोहोचले आणि भुयेवाडीत एका तरुणाचा जीव गेला. शहराने तेव्हा काही दिवस जी धास्ती अनुभवली, ती डोंगरकडेच्या वाड्यांवर बारमाही असते.

म्हणून इथल्या माणसाने अभयारण्याचे तिकीट आगाऊच भरलेले आहे. त्याला पुन्हा खिडकीवर उभे करून शहरी पाहुण्याच्याच दराने पैसे मागणे हा अन्याय आहे. वाघ आला तर हे आगाऊ तिकीट आणखी महाग होईल, कारण गव्याने पीक जाते आणि वाघाने जनावर जाते. गोठ्यातली एक दुभती म्हैस गेली तर त्या घराचे दूध संघाचे दर दहा दिवसांचे बिल थांबते. भरपाई मिळेपर्यंत घर चालवायचे कशावर, याचे उत्तर सफारीच्या माहितीपत्रकात नसते.

या जंगलाचा इतिहासही इथे आठवायला हवा. दाजीपूरचे रान हे कोल्हापूर संस्थानचे राखीव शिकारीचे रान होते. सामान्य माणसाला त्यात मुक्त वाव नव्हता. त्याच परिसरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०८ मध्ये आपल्या कन्येच्या नावाने राधानगरी वसवली आणि भोगावतीवर धरण बांधायला घेतले. पहिल्या महायुद्धाच्या काळातली महागाई आणि पैशाची टंचाई यांमुळे काम अर्धवट थांबले, पुढे स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. पण संस्थानाच्या खजिन्याला न पेलणारे ते काम महाराजांनी हाती घेतले होते ते खाली करवीरपर्यंतच्या शेतकऱ्याला पाणी मिळावे म्हणून. शिकारीचे रान पुढे लोकशाहीत लोकांचे अभयारण्य झाले. दरवाजावर असा दर लावायचा की फक्त पैसेवाल्यालाच आत जाता येईल, तर ते रान पुन्हा राखीवच होईल. फरक इतकाच की बंदुकीच्या जागी कॅमेरा असेल.

राधानगरीतली सर्वांत मोठी गर्दी आजही फुकटच्या दृश्यांना होते, हेही ध्यानात घ्यावे. पावसाळ्यात धरण भरले आणि स्वयंचलित दरवाजे उघडले की ती बातमी कोल्हापूर-सांगलीपर्यंत घरोघर पोहोचते. त्यात पुराची काळजी असते आणि पाण्याचे वेडही असते. राऊतवाडीच्या धबधब्यावर रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. मे महिन्याच्या अखेरीस काजव्यांनी झाडे उजळतात, तेव्हा रात्री रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. ही माणसे कोण असतात? इचलकरंजीतला यंत्रमागावरचा कामगार, कागलच्या औद्योगिक वसाहतीतला पोरगा, गडहिंग्लजची शिक्षिका, गारगोटीहून दुचाकीवर आलेले नवे जोडपे. एका दिवसात जाऊन येता येते, घरची भाकरी बांधून नेता येते, म्हणून ती येतात. वर्षातली त्यांची एकमेव सहल कित्येकदा हीच असते.

अर्थात फुकटपणाचेही दुष्परिणाम आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही. काजव्यांच्या झाडाखाली गाडीचे दिवे लावून गाणी वाजवणारे, धबधब्याच्या कडेला बाटल्या फोडणारे, प्लास्टिक तिथेच टाकून जाणारे याच गर्दीत असतात. यावर जाणकारांकडून हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे दर वाढवा, गर्दी आपोआप कमी होईल. कमी होईलही. पण दराने बेशिस्त कमी होत नाही, फक्त गरीब कमी होतात. पाच हजारांची खोली घेऊन राहणाऱ्यांतही रात्री उशिरापर्यंत दणदणाट करणारे असतात, हे पर्यटनावर चालणारे कोणतेही गाव सांगेल. गर्दी आवरायची तर ती संख्येने आवरावी, किमतीने नव्हे.

कास पठाराने हे बऱ्याच अंशी करून दाखवले आहे. फुलांच्या हंगामात तिथे दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा ठरली, ऑनलाइन नोंदणी आली. शुल्क वाढत गेले, शंभराचे दीडशे रुपये झाले, तरी ते अजून एका सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आहे आणि शालेय सहलींना सवलत आहे. व्यवस्था कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या बघतात. वाहनतळ, पहारा, माहिती सांगणे ही कामे तिथल्याच लोकांना मिळाली. चुकाही झाल्या. पठाराला घातलेले कुंपण पुढे काढावे लागले. पण दर किती, माणसे किती आणि पैसा कोणाकडे, या तीन प्रश्नांची उत्तरे तिथे पर्यटकालाही ठाऊक असतात आणि गावकऱ्यालाही. राधानगरीपासून कास काही तासांच्या अंतरावर आहे. अभ्यास दौरा काढायचाच तर तो तिकडे निघावा.

राधानगरीत काय करता येईल, याचे चित्र फार अवघड नाही. एकट्या-दुकट्याला अख्खी जीप घ्यावी लागते तिथे दर कितीही वाजवी ठेवला तरी तो परवडत नाही. त्यामुळे आसनानुसार तिकीट असलेली बस किंवा मोठी गाडी वन्यजीव विभागाने चालवलीच पाहिजे. जीपवाल्यांचा धंदा त्याने बुडणार नाही, कारण ज्याला स्वतंत्र गाडी हवी तो ती घेणारच. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेतल्या मुलाला प्राथमिकमध्ये एकदा आणि माध्यमिकमध्ये एकदा जंगल विनामूल्य दाखवावे. सवलतीचा परिणाम बघायला लांब जायला नको. एसटीने मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्धे तिकीट केले आणि वाड्या-वस्त्यांवरच्या बायका नृसिंहवाडीला, जोतिबाला, पंढरपूरला स्वतःच्या हिमतीवर जाऊ लागल्या. त्यांना जायची हौस आधीपासून होती, अडत होते ते भाड्याशी. पुढे जानेवारी २०२५ मध्ये भाडे जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढले. एसटी शैक्षणिक सहलीला निम्मी सवलत देते, तरी वाढलेल्या भाड्यातले निम्मे आणि वर अभयारण्याचा दर असे दोन्ही पेलणे डोंगरातल्या शाळेला जड जाते. एसटीचे भाडे वनखात्याच्या हातात नाही. फाटकावरचा दर मात्र आहे.

आणखी एक गोष्ट, जी छोटी वाटते पण माणसाला सर्वांत जास्त चिडवते. प्रवेशाचे वेगळे, गाडीचे वेगळे, गाईडचे वेगळे, कॅमेऱ्याचे वेगळे, असे तुकड्या-तुकड्यांनी पैसे मागितले की घरून हिशेब करून निघालेल्या बापाचा चेहरा फाटकावरच उतरतो. मुलांसमोर त्याला नाही म्हणता येत नाही. सगळे मिळून माणशी किती, हा एकच आकडा कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, राधानगरीच्या एसटी स्टँडवर आणि दाजीपूरच्या फाटकावर ठळक लिहिलेला असावा. वर्षभर तो बदलू नये. अपवाद फक्त कामाच्या दिवसांचा. सोमवार ते शुक्रवार तो थोडा कमी ठेवला तर गर्दीही विभागली जाईल आणि स्थानिक गाईडला आठवडाभर काम मिळेल. आज त्याची कमाई शनिवार-रविवारवर अवलंबून राहते आणि पावसाळ्यात अभयारण्य बंद झाले की थांबते.

उत्पन्नाचे काय झाले, हेही गावाला कळायला हवे. तिकिटातला ठरावीक वाटा गव्याने केलेल्या नुकसानीच्या तातडीच्या मदतीसाठी बाजूला ठेवला, म्हणजे सरकारी भरपाई येईपर्यंत चार पैसे हातात पडतील, तर पर्यटकाकडे बघण्याची गावाची नजरच बदलेल. आलेल्या प्रत्येक गाडीमागे आपल्या तुडवलेल्या वाफ्याचा थोडा तरी विचार झाला आहे, हे शेतकऱ्याला दिसले पाहिजे. पर्यटकही अशा तिकिटाचे पैसे कुरकुर न करता देतात. कशासाठी घेतले हे कळले की दहा-वीस रुपयांवरून कोणी वाद घालत नाही.

होम-स्टे आणि हॉटेले चालवणाऱ्या स्थानिक तरुणांना हे सारे धंद्याच्या विरोधात वाटण्याची शक्यता आहे. त्यांनी कर्ज काढून खोल्या बांधल्या आहेत आणि वाघाच्या बातमीने त्यांना हुरूप आला असणार. पण डिस्नेलँडच्या शेजारच्या हॉटेलांचा अनुभव त्यांच्याच उपयोगाचा आहे. पहिल्या लाटेत दर दुप्पट केले की पहिली लाट हीच शेवटची ठरू शकते. शिवाय वाघ रोज दिसत नाही. सह्याद्रीतले जंगल ताडोबासारखे मोकळे नाही. दाट झाडी, चढ-उतार, धुके. इथे वाघ असला तरी पर्यटकाला तो वर्षानुवर्षे दिसणार नाही, हे मान्य करूनच जाहिरात व्हायला हवी. वाघाच्या नावाने महाग तिकीट घेतलेला पाहुणा रिकाम्या हाताने परतला तर तो गवा, शेकरू, धनेश आणि सावराई सड्यावरून दिसणारी कोकणची दरी यांचे मोल न जाणताच चिडून जाईल. रास्त दरात आलेल्याला तेवढ्यावरही दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटेल, आणि तो पुढच्या वर्षी भावाच्या कुटुंबाला घेऊन येईल.

दर ठरवण्याचा अधिकार वनखात्याचा असला तरी गावांनी गप्प बसण्याचे कारण नाही. १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होतात आणि अभयारण्य पावसाळ्यानंतर पुन्हा खुले होते. त्याआधीच्या ग्रामसभांत दाजीपूर, ओलवण, हसणे, फेजिवड्यापासून राधानगरीपर्यंतच्या गावांनी आपापला ठराव करून कोल्हापूरच्या वन्यजीव विभागाकडे पाठवावा. कोणताही नवा मार्ग खुला करण्यापूर्वी त्याचा दर, रोजची पर्यटकसंख्या आणि गावांचा वाटा जाहीर करावा, त्यावर हरकती मागवाव्यात, आणि तालुक्यातल्या रहिवाशाला ओळखपत्रावर नाममात्र शुल्कात प्रवेश द्यावा. तालुक्याच्या आमदारांनी आणि जिल्हा परिषदेने या ठरावांचा पाठपुरावा करावा. पहिली जीप नव्या मार्गावर जाण्यापूर्वी एवढे झाले पाहिजे.